ब्लिट्झमधले धैर्य कोणाचे? लंडनच्या निवाऱ्यांची एक गोष्ट

१/
सप्टेंबर १९४० ते मे १९४१ या काळात जर्मन विमानांनी ब्रिटनच्या शहरांवर जे बॉम्बहल्ले केले, त्यांना ‘ब्लिट्झ’ म्हणतात. त्यांत सुमारे ४३,००० नागरिक मृत्युमुखी पडले. या पर्वाचे एक ठरीव चित्र आपल्याही मनात असते : घर कोसळले आहे, तरी हातात चहाचा पेला आहे आणि लंडनकर सकाळी वेळेवर कामाला निघाला आहे. हे चित्र कशावर उभे होते आणि त्यामागे काय झाकले गेले, याविषयीचा हा धागा. #इतिहास #धागा

२/
माझे म्हणणे आरंभीच सांगते. लंडनकरांचे धैर्य खोटे होते, असा दावा मी करणार नाही. ते खरेच होते. मात्र ते केवळ स्वभावातून आलेले नव्हते. डोक्यावर भक्कम छप्पर, पाठ टेकायला फळी, प्यायला पाणी आणि आपले गाऱ्हाणे ऐकणारे कोणीतरी, यांच्या आधाराने ते टिकले. आणि यांतील बऱ्याच गोष्टी जनतेला स्वतःच्याच सरकारशी भांडून मिळवाव्या लागल्या.

३/
गोष्ट पहिल्या महायुद्धापासून सुरू करावी लागते. १३ जून १९१७ रोजी जर्मन ‘गोथा’ विमानांनी भरदिवसा लंडनवर हल्ला केला. १६२ माणसे गेली. त्यांत पॉप्लर भागातील एका शाळेतील १८ मुले होती. त्या संपूर्ण युद्धात ब्रिटनमध्ये हवाई हल्ल्यांत सुमारे १,४०० जण दगावले. रणभूमीवरील संहाराच्या मानाने हा आकडा लहान. पण आता घरात बसलेला माणूसही सुरक्षित नाही, ही जाणीव फार खोल गेली. बॉम्बफेकी विमान अडवता येणारच नाही, असे स्टॅनली बाल्डविन यांनी १९३२ साली संसदेतच सांगून टाकले.

४/
पुढे अंदाजांचे पेव फुटले. पहिल्या साठ दिवसांत सहा लाख मृत्यू आणि बारा लाख जखमी होतील, असे १९३७ च्या एका सरकारी अंदाजात धरले होते. १९३८ मध्ये काही मानसोपचारतज्ज्ञांनी सरकारला कळवले की, सहा महिन्यांत तीस ते चाळीस लाख लोक मनाने कोलमडतील. म्हणजे शरीराने जखमी होणाऱ्यांच्या दुपटी-तिपटीने माणसे वेडीपिशी होणार, असे हे गणित होते. राज्यकर्त्यांना शत्रूच्या विमानांइतकीच आपल्या प्रजेची धास्ती वाटत होती. पुढचे अनेक निर्णय या धास्तीच्या उजेडात वाचावे लागतात.

५/
पहिला मोठा प्रश्न होता निवाऱ्यांचा. शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी स्पेनच्या यादवी युद्धातील बॉम्बहल्ले जवळून पाहिले होते. सामान्य वस्त्यांसाठी जमिनीखाली खोल निवारे बांधा, असा त्यांचा आग्रह होता. लंडनच्या फिन्सबरी भागाच्या नगरपालिकेने तर ओव्ह अरुप या अभियंत्याकडून आणि ‘टेक्टॉन’ या वास्तुविशारदांच्या गटाकडून तशा निवाऱ्यांची योजनाच तयार करून घेतली. (हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले.)

६/
सरकारने ही मागणी १९३९ च्या वसंतात फेटाळली. त्यासाठी नेमलेल्या परिषदेचे अध्यक्ष होते लॉर्ड हेली, म्हणजे पंजाब आणि संयुक्त प्रांताचे माजी गव्हर्नर. नागरी संरक्षणाचे खाते होते सर जॉन अँडरसन यांच्याकडे. ते १९३२ ते १९३७ बंगालचे गव्हर्नर होते. पोलाद, सिमेंट, मजूर आणि वेळ यांची टंचाई, ही कारणे खरीच होती. पण त्यांच्या जोडीला आणखी एक भीती होती : लोक एकदा खाली उतरले की वर येणारच नाहीत आणि कारखाने ओस पडतील.

७/
हिंदुस्थानात राज्य केलेली माणसे लंडनच्या कामगारांकडेही त्याच नजरेने पाहत होती, असा सरळ निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. हिंदुस्थान कधी न पाहिलेले अधिकारीही तसेच बोलत होते. तरीही जमाव म्हणजे आधी सुव्यवस्थेचा प्रश्न आणि मग माणसे, ही दृष्टी वसाहतींचा इतिहास वाचणाऱ्याला अनोळखी वाटत नाही.

८/
मग सरकारने दिले काय? घरोघरी ‘अँडरसन निवारा’. पन्हळी पोलादी पत्र्यांची ही लहानशी कमान अंगणात चार फूट खड्ड्यात बसवायची, वर माती लोटायची आणि आत सहा जणांनी दाटीवाटीने बसायचे. वर्षाला २५० पौंडांहून कमी मिळकत असलेल्यांना तो फुकट मिळे. रचना चांगली होती, तिने असंख्य जीव वाचवले, हे मान्यच केले पाहिजे. अडचण एवढीच की त्यासाठी अंगण लागे. गोदीलगतच्या ईस्ट एंडमध्ये एकेका इमारतीत अनेक बिऱ्हाडे राहत होती. ज्यांच्यावर बॉम्ब सर्वांत आधी पडणार होते, त्यांतल्या कित्येकांना अंगणच नव्हते.

९/
युद्धाच्या तोंडावर सरकारने भित्तिपत्रके काढली. पहिल्याचा आशय असा : तुमचे धैर्य, तुमची प्रसन्नता, तुमचा निर्धार आम्हाला विजय मिळवून देईल. लोकांनी त्यातले ‘तुमचे’ आणि ‘आम्हाला’ बरोबर हेरले आणि नाके मुरडली. आज कपांवर आणि टी-शर्टांवर दिसणारे ‘कीप काम अँड कॅरी ऑन’ हे त्याच मालिकेतले. त्याच्या सुमारे साडेचोवीस लाख प्रती छापल्या गेल्या. भीषण हल्ल्यांच्या वेळी लावायच्या म्हणून त्या राखून ठेवल्या आणि १९४० मध्ये बहुतेक प्रतींचा लगदा केला. म्हणजे ब्लिट्झचे आज सर्वांत प्रसिद्ध असलेले वाक्य ब्लिट्झमधल्या बहुतेक लोकांनी पाहिलेच नव्हते.

१०/
१ सप्टेंबर १९३९ पासून शहरे रिकामी करण्याची मोहीम सुरू झाली. तीन दिवसांत सुमारे पंधरा लाख मुले, माता आणि अन्य लोक गावांकडे पाठवले गेले. बॉम्ब पडेनात, तेव्हा जानेवारी १९४० पर्यंत त्यांतील निम्म्याहून अधिक परतलेही. त्याच रात्रीपासून ब्लॅकआऊटची सक्ती झाली : खिडक्यांना काळे पडदे, रस्त्यावरचे दिवे बंद. या अंधाराचीही किंमत मोजावी लागली. १९४१ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर अपघातांत ९,१६९ माणसे गेली. तो उच्चांक अद्याप मोडलेला नाही.

११/
७ सप्टेंबर १९४०, शनिवार. दुपारी भोंगे वाजले आणि शेकडो विमाने थेम्सकाठच्या गोद्यांवर आली. गोदामे रात्रभर जळत राहिली आणि त्या आगीच्या उजेडात रात्रीची विमाने नेम धरीत राहिली. पहिल्या दिवशीच सुमारे ४३० माणसे गेली. त्यानंतर सलग ५७ रात्री लंडनवर बॉम्ब पडत राहिले, अशी त्या पर्वाची रूढ गणना आहे.

१२/
कॅनिंग टाउन भागातील बेघर कुटुंबांना साउथ हॉल्सव्हिल शाळेत ठेवण्यात आले. तुम्हाला इथून हलवायला बसगाड्या येत आहेत, असे त्यांना सांगितले होते. माणसे पोरेबाळे घेऊन दिवसामागून दिवस वाट पाहत राहिली. गाड्या आल्या नाहीत. १० सप्टेंबरच्या पहाटे शाळेवरच बॉम्ब पडला. सरकारी आकडा ७७ मृतांचा. मृत याहून कितीतरी अधिक होते, असे वस्तीतले लोक पुढे पिढ्यानपिढ्या सांगत राहिले. या माणसांत धैर्याची कोणती कमतरता होती? त्यांना फक्त गाड्या हव्या होत्या.

१३/
आता लोकांनी प्रश्न आपल्या हाती घेतला. भुयारी रेल्वेचा निवारा म्हणून वापर करू नये, असा सरकारचा आदेश होता. लोकांनी दीड पेनीचे तिकीट काढले, अंथरुणे-पांघरुणे घेऊन फलाटावर उतरले आणि तिथेच राहिले. सप्टेंबरच्या मध्यात स्टेपनीचे कम्युनिस्ट कार्यकर्ते फिल पिराटिन सुमारे सत्तर माणसांसह, त्यांत बायका-मुलेही होती, आलिशान सॅव्हॉय हॉटेलच्या तळघरातील निवाऱ्यात शिरले. श्रीमंतांच्या निवाऱ्यात खाटा आणि चहा, तर गोदी कामगारांच्या नशिबी चिंचोळे खंदक; ही विषमता एका रात्रीत साऱ्या देशाला दिसली.

१४/
सरकारला नमते घ्यावे लागले. २७ सप्टेंबरच्या रात्री भुयारी स्थानकांत सुमारे १,७७,००० माणसे झोपली होती. ऑक्टोबरमध्ये अँडरसन यांच्या जागी हर्बर्ट मॉरिसन गृहमंत्री झाले. पोलीस शिपायाचा हा मुलगा लंडनच्या स्थानिक राजकारणात मुरलेला होता. हळूहळू फलाटांवर फळ्यांच्या खाटा आल्या, शौचकूप आले, जागेच्या चिठ्ठ्या आल्या, खाद्यपदार्थ घेऊन जाणाऱ्या गाड्या आल्या. लोक वर येणारच नाहीत, ही भीती पार खोटी ठरली. सकाळी अंथरुणे गुंडाळून ते कामावर जात होते.

१५/
ईस्ट एंडमधल्या स्पिटलफील्ड्सच्या फळबाजाराखालील तळघराचे उदाहरण तर बोलके आहे. तिथे हजारो माणसे कोंबली जात. चष्म्याचा व्यवसाय करणारे, जेमतेम सव्वातीन फूट उंचीचे मिकी डेव्हिस यांनी तिथे लोकांची समिती उभारली, दवापाण्याची सोय केली, उपाहारगृहाच्या नफ्यातून मुलांना दूध मिळेल असे पाहिले. सरकारने पुढे आपला अधिकृत व्यवस्थापक नेमला, तेव्हा लोकांनी मिकींनाच निवडले. ज्या जमावाची राज्यकर्त्यांना धास्ती होती, तो जमाव समिती नेमत होता आणि दुधाचा हिशेब ठेवत होता.

१६/
एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. भुयारी रेल्वेची छायाचित्रे गाजली. पण नोव्हेंबर १९४० च्या पाहणीनुसार मध्य लंडनमधले केवळ ४ टक्के लोक तिथे झोपत. ९ टक्के सार्वजनिक निवाऱ्यांत, २७ टक्के घरगुती निवाऱ्यांत. उरलेले बहुतेक जण आपल्याच घरात, जिन्याखाली वा बिछान्यात. ही पाहणी उपयोगी पडली. १९४१ मध्ये ‘मॉरिसन निवारा’ आला : दिवसा जेवणाचे टेबल, रात्री भोवती जाळी लावलेला पोलादी पिंजरा. त्याला अंगण लागत नव्हते. लोक जिथे खरोखर झोपतात तिथे त्यांना वाचवायचे, हे सरकारला आता उमगले होते.

१७/
जिथे राज्याने लोकांवर विश्वास टाकला, तिथे प्रतिसादाला तोटा नव्हता. १४ मे १९४० रोजी अँथनी ईडन यांनी आकाशवाणीवरून गृहरक्षणासाठी स्वयंसेवक मागितले. उन्हाळा सरण्याआधी संख्या दहा लाखांपलीकडे गेली. तेच पुढचे ‘होम गार्ड’. स्त्रियांच्या स्वयंसेवी संघटनेची सदस्यसंख्याही दहा लाखांच्या घरात होती. हल्ल्यांच्या वेळी गल्लोगल्ली फिरणाऱ्या वॉर्डनांत सेंट पँक्रसचे नगरसेवक व्ही. के. कृष्ण मेनन हेही होते. स्वतंत्र भारताचे हे भावी संरक्षणमंत्री दिवसा हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी लंडनमध्ये खटपट करीत आणि रात्री त्याच लंडनच्या रक्षणासाठी जागत.

१८/
व्यवस्था नसली की धैर्य किती पुरते? २९ डिसेंबर १९४०, रविवार. लंडन शहराच्या मध्यभागातील कचेऱ्यांना कुलपे होती, छपरांवर पहारा नव्हता आणि थेम्सला ओहोटी असल्याने पंपांना पाणी मिळेना. साध्या आगलाव्या बॉम्बनी गल्ल्याच्या गल्ल्या भस्मसात केल्या. त्याआधीही मदतीला आलेल्या परगावच्या अग्निशमन दलांच्या नळ्या इथल्या जोडण्यांना बसत नसत. जवान शूरच होते. नळी बसत नव्हती. त्यानंतर आगीचा पहारा सक्तीचा झाला आणि ऑगस्ट १९४१ मध्ये शेकडो दलांचे मिळून एक राष्ट्रीय अग्निशमन दल झाले.

१९/
लंडनबाहेर पाहा. मार्च १९४१ मध्ये स्कॉटलंडच्या क्लाइडबँक गावातील सुमारे बारा हजार घरांपैकी धक्का न लागलेली घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. एप्रिलमध्ये बेलफास्ट शहरात एका रात्रीत सुमारे ९०० माणसे गेली. निवाऱ्यांची तयारी तिथे अगदीच अपुरी होती. प्लिमथचे लोक रोज संध्याकाळी माळरानाकडे चालत जात आणि सकाळी परतून कामाला लागत. काही अधिकाऱ्यांना हे मनोधैर्य खचल्याचे लक्षण वाटले. वस्तुतः तो शहाणपणा होता. शहराने निवारा दिला नाही, म्हणून माणसांनी टेकड्यांचा निवारा केला.

२०/
सर्वांत कडू प्रसंग बेथनल ग्रीनचा. ३ मार्च १९४३ च्या रात्री भोंगा वाजल्यावर लोक भुयारी स्थानकाच्या निवाऱ्यात उतरत होते. पावसाने ओल्या एकोणीस पायऱ्या, मंद दिवा, मधोमध कठडा नाही. जवळच्या उद्यानातून विमानविरोधी अग्निबाणांचा अनोळखी आवाज झाला, गर्दी घाईने सरकली, पायथ्याशी एक स्त्री पडली आणि तिच्यावर माणसांचा ढीग झाला. १७३ जण गुदमरून गेले, त्यांत ६२ मुले. त्या रात्री तिथे एकही बॉम्ब पडला नव्हता.

२१/
प्रवेशद्वाराच्या बांधकामात सुधारणा करण्याची परवानगी स्थानिक नगरपालिकेने १९४१ मध्येच मागितली होती. वरून नकार आला. दुर्घटनेनंतर मात्र कठडे बसले. बैल गेला नि झोपा केला! चौकशी अहवाल मनोधैर्याच्या नावाखाली जानेवारी १९४५ पर्यंत दडवून ठेवण्यात आला. आणि त्यात मुख्य ठपका होता लोकांच्या सुटलेल्या संयमावर. वस्तुतः १९४४ मध्येच न्यायालयाने, भरपाईच्या एका दाव्यात, रेटारेटीची गोष्ट नाकारून नगरपालिकेच्या निष्काळजीपणावर बोट ठेवले होते. या वेळी गृहमंत्री मॉरिसनच होते. म्हणजे दोष एका व्यक्तीच्या स्वभावाचा नव्हता. ‘प्रजा घाबरट असते’ हे गृहीतक खुर्चीलाच चिकटलेले होते.

२२/
यावर एक सबळ आक्षेप आहे. युद्धाच्या धामधुमीत सर्वांसाठी खोल निवारे शक्य होते का? बहुधा नव्हते. मोठ्या निवाऱ्यावर थेट बॉम्ब पडला तर एकाच वेळी शेकडो जण जातात, हाही मुद्दा खोटा नाही. ऑक्टोबर १९४० मध्ये बॅलम स्थानकात भुयारात असूनही साठाहून अधिक माणसे गेली. तेव्हा हाल्डेन सर्वस्वी बरोबर आणि सरकार सर्वस्वी चूक, असे मी म्हणत नाही. पण बसगाड्या, फळ्यांच्या खाटा, शौचकूप, जिन्याचा कठडा यांना ना दुर्मीळ पोलाद लागत होते, ना वर्षानुवर्षांचा अवधी. त्यासाठी लोकांचे म्हणणे वेळेवर ऐकणे पुरेसे होते.

२३/
मग ‘ब्लिट्झ स्पिरिट’ आले कुठून? काही त्या काळच्या प्रचारातून, काही नंतरच्या आठवणींतून. अँगस काल्डर यांनी १९९१ च्या ‘द मिथ ऑफ द ब्लिट्झ’ या ग्रंथात याची सविस्तर चिकित्सा केली. त्यांच्या अर्थाने ‘मिथक’ म्हणजे निव्वळ थाप नव्हे. खऱ्या प्रसंगांतून सोयीचे तेवढे वेचून केलेली ती मांडणी आहे. त्यात चहाचा पेला राहतो आणि न आलेल्या बसगाड्या गळतात. पडक्या घरांतील चोऱ्या गळतात, सॅव्हॉयचे तळघर गळते, बेथनल ग्रीनचा जिना गळतो.

२४/
हा प्रश्न मला केवळ लंडनचा वाटत नाही. जुलै २००५ चा महापूर असो वा जुलै २००६ चे लोकलमधील बॉम्बस्फोट, दुसऱ्या दिवशी कामावर निघालेल्या मुंबईकराचे ‘स्पिरिट’ म्हणून कौतुक झाले. ते कौतुक ऐकून अनेक मुंबईकर वैतागलेही, कारण कामावर न जाण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती. दोन शहरांची संकटे अगदी निराळी आहेत. परंतु सोसणाऱ्याची स्तुती केली की त्याला सोसावे का लागले हा प्रश्न बाजूला पडतो, हे दोन्हीकडे सारखेच.

२५/
म्हणून ब्लिट्झचे धैर्य आठवायचे तर पुरते आठवावे. भोंगा वाजल्यावर शांत राहिलेली माणसे आठवावीत आणि बंद स्थानकाच्या दाराशी ‘आत सोडा’ म्हणून अडून बसलेलीही आठवावीत. पहिल्यांची नोंद भित्तिपत्रकांनी घेतली. दुसऱ्यांमुळे फलाटावर खाटा आल्या, आणि पहिल्यांना शांतपणे झोपता आले ते त्या खाटांवर.

धागा इथे संपला. आपल्या घरात दुसऱ्या महायुद्धातल्या ब्लॅकआऊटच्या, भोंग्यांच्या, रेशनच्या आठवणी कोणी सांगत असेल, तर जरूर लिहून ठेवा आणि इथेही कळवा. मतभेदांचेही स्वागत आहे. 🙏